पर्यावरण कुणाला परवडतं?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेने न्यावं लागलं. त्या उन्हाळ्यात एक प्रश्न सगळीकडे विचारला गेला: जिथे प्यायला पाणी नाही, त्या मराठवाड्यात ऊस कसा काय उभा राहतो? उत्तरंही ठरलेलीच होती. कुणी शेतकऱ्याला हावरट म्हटलं, कुणी कारखानदारांना, आणि बाकीच्यांनी ‘जनजागृती व्हायला हवी’ म्हणून विषय मिटवला.

जनजागृतीचा इथे फारसा संबंध नाही. पाण्याचं मोल तिथल्या शेतकऱ्याला शहरातल्या माणसापेक्षा जास्त कळतं. दर उन्हाळ्यात बोअरमधली मोटर आणखी दोन पाइप खाली सोडायचं काम त्यालाच करावं लागतं. तरी तो ऊस लावतो, कारण हिशोब मांडला की ऊसच परवडतो. भारतासारख्या, अजून हात आखडूनच जगणाऱ्या देशात पर्यावरण टिकणार की बिघडणार हे लोकांच्या निसर्गप्रेमावर फार कमी अवलंबून असतं. निर्णय घ्यायच्या दिवशी खिशातून किती जाणार आणि पुढे किती मिळण्याची खात्री आहे, यावर ते ठरतं. हे दोन्ही आकडे आभाळातून पडत नाहीत. बऱ्याचदा ते सरकारी आदेशात छापलेले असतात.

उसाचा हिशोब

उसाला केंद्र सरकार दरवर्षी एक किमान दर ठरवून देतं. त्याला एफआरपी म्हणतात. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो क्विंटलला ३४० रुपये होता, साखरेचा उतारा, म्हणजे उसाच्या वजनातून निघणारी साखर, १०.२५ टक्के धरून. म्हणजे टनाला ३,४०० रुपये; त्यातून तोडणी आणि वाहतुकीचे पैसे वजा होतात. हा दर देणं कारखान्यावर कायद्याने बंधनकारक आहे आणि ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. दर वेळी ते मिळतातच असं नाही, त्यासाठी आंदोलनं होतात, काटामारीच्या तक्रारी होतात, हे सगळं खरं. पण भांडायला हातात कायद्याचा कागद असतो.

आता शेजारच्या पिकांकडे बघा. सोयाबीनलाही हमीभाव आहे. २०२४-२५ साठी तो क्विंटलला ४,८९२ रुपये होता. पण त्या दराने घ्यायला कुणी बांधील नाही. सरकारी खरेदी केंद्रावर नंबर लागला तर ठीक, नाहीतर व्यापारी देईल तो भाव. २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास बाजारात सोयाबीन हमीभावाच्या बरंच खाली विकलं जात होतं. कांद्याची गोष्ट आणखी वेगळी. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठवली. मधल्या काळात ज्याचा कांदा निघाला त्याचं जे व्हायचं ते झालं. टोमॅटोबद्दल तर बोलायलाच नको, रस्त्यावरचा लाल चिखल सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला आहे.

उसाला यातलं काही नाही. भाव आधीच ठाऊक असतो. घेणारा ठरलेला असतो. तोडणीची टोळी कारखाना पाठवतो. अवकाळी पावसाने किंवा गारपिटीने द्राक्षबाग एका रात्रीत झोपते, ऊस बहुधा तग धरतो. एकदा लागण केली की खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, बेण्याचा खर्च नाही. कारखान्याच्या नोंदीवर पीककर्जही सोपं होतं. ज्याच्या डोक्यावर मुलीचं लग्न आणि सोसायटीचं कर्ज आहे, तो जास्तीत जास्त नफ्याचं पीक शोधत नसतो. तो कमीत कमी धोक्याचं पीक शोधत असतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘जोखीम’ हा शब्द नंतरच्या धड्यात येतो, कोरडवाहू भागात तो पहिल्याच धड्यात लागतो.

याचा परिणाम एका आकड्यात सांगता येतो. केंद्राच्या कृषी खर्च आणि मूल्य आयोगाने आपल्या अहवालात नोंदवलं आहे की महाराष्ट्रातल्या पिकाखालच्या जमिनीपैकी जेमतेम ४ टक्के जमीन उसाखाली आहे आणि सिंचनाच्या पाण्यातला जवळपास ७० टक्के वाटा ती घेते. या टक्केवारीवरून जाणकारांत वाद होतात. वाटा थोडा कमी धरला तरी चित्र बदलत नाही.

इथे पर्यावरणाच्या अर्थशास्त्रातली सगळ्यात महत्त्वाची कल्पना येते. उसाच्या त्या ३,४०० रुपयांत बियाणं, खत, मजुरी, वाहतूक सगळं आहे. पण शेजारच्याची विहीर फेब्रुवारीतच आटली, गावाला टँकर लागला, कुणाला मुलाबाळांसह गाव सोडावं लागलं, हा खर्च त्यात कुठेच नाही. तो होतो, फक्त ज्याने पाणी उपसलं त्याच्या नावे त्याचं बिल फाटत नाही. अशा खर्चाला अर्थतज्ज्ञ एक्स्टर्नॅलिटी म्हणतात. कारखान्याच्या सांडपाण्यापासून दिल्लीच्या धुरापर्यंत बहुतेक सगळं प्रदूषण याच जातीचं आहे: फायदा एकाच्या खात्यात, खर्च भलत्याच्या.

गंमत म्हणजे एक पर्यावरणाचं धोरण दुसऱ्या पर्यावरणाच्या प्रश्नावर बसू शकतं. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर उसापासूनच्या इथेनॉलला चांगला, ठरलेला दर मिळू लागला. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं की तेलाची आयात वाचते. कारखान्यांना साखर विकली जाण्याची वाट न बघता पैसे मिळतात, शेतकऱ्यांची थकबाकी कमी होते. सगळं चांगलंच. पण याने उसाची खात्री आणखी एक इंच वाढली, आणि खाली भूजलाची पातळी होती तिथेच राहिली, म्हणजे खाली जात राहिली. इथेनॉलसाठी मका वापरायला आता उत्तेजन मिळतं आहे, ते बरं आहे. मक्याला उसाइतकं पाणी लागत नाही.

शून्य रुपयाचं बटण

पाण्याचा खर्च बिलात दिसत नाही, त्याचं एक मोठं कारण वीज आहे. विहिरीतलं पाणी तसं फुकटच, खर्च येतो तो उपशाचा. म्हणजे विजेचा दर हाच भूजलाचा दर.

१९७० च्या दशकापासून अनेक राज्यांनी शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर बिल द्यायला सुरुवात केली. त्यामागचं कारण वेडगळ नव्हतं. रानोमाळ विखुरलेल्या पंपांचे मीटर वाचायला माणूस पाठवायचा खर्चच वसुलीपेक्षा जास्त व्हायचा. पण याने एक बदल झाला. पाच अश्वशक्तीचा पंप दिवसाला दोन तास चालवा नाहीतर आठ तास, बिल तेवढंच. पुढच्या एका तासाच्या उपशाची किंमत शून्य झाली. माणसाचं वागणं सरासरी खर्चावर ठरत नाही, ‘आणखी थोडं वापरलं तर किती जादा पडतील’ यावर ठरतं. ते उत्तर शून्य आलं की काटकसर करणाऱ्याला बक्षीस काहीच नाही. आणि तो एकटा थांबला तर पाणी शेजारी ओढणार. म्हणून पंपाला ऑटो स्विच लावून ठेवतात; रात्री कधी वीज येईल तेव्हा मोटर आपोआप सुरू होते आणि सकाळपर्यंत वाफ्याबाहेर पाणी वाहतं.

पंजाबात शेतीची वीज १९९७ पासून फुकट आहे. तिथे जमिनीत वर्षाला जेवढं वापरण्याजोगं पाणी मुरतं, त्याच्या दीडपटीहून जास्त उपसलं जातं. एकट्या विजेला दोष देता येणार नाही, कारण गहू आणि भाताची सरकारी खरेदी पंजाबात खरोखर होते, कागदावर नाही. म्हणजे आपल्या उसाला जी खात्री आहे ती तिथे भाताला आहे. मग २००९ मध्ये पंजाबने कायदा केला: १० जूनच्या आधी भाताची लावणी करायची नाही, म्हणजे ऐन उन्हाळ्यातला उपसा टळेल. पाणी थोडं वाचलं. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली. भात काढून गहू पेरायला हातात मोजके दिवस उरले आणि धसकटं पेटवून रान मोकळं करणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग ठरला. तोवर वारा पडलेला असतो, हवा थंड असते, धूर दिल्लीवर बसतो. किंमत तशीच ठेवून नुसत्या नियमाने प्रश्न सोडवायला गेलं की तो असा दुसरीकडे फुटतो.

महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. सुमारे ४४ लाख पंप आणि वर्षाला जवळपास १४,७६० कोटी रुपयांचा बोजा, असं योजना आणताना सांगितलं गेलं. भागाकार केला तर एका पंपामागे वर्षाला साधारण ३३ हजार रुपये होतात. हे पैसे शेतकऱ्याला द्यायला माझी काहीच हरकत नाही. शेतीमालाचे भाव ग्राहकासाठी पाडले जातात, त्याची भरपाई कुठूनतरी व्हायला हवी. हरकत आहे ती देण्याच्या पद्धतीला. ज्याने जास्त उपसलं त्याला जास्त अनुदान, ज्याच्याकडे विहीरच नाही त्या कोरडवाहू शेतकऱ्याला काही नाही.

हेच पैसे दुसऱ्या तऱ्हेने देता येतात. पंजाबनेच २०१८ मध्ये ‘पानी बचाओ, पैसे कमाओ’ नावाने एक प्रयोग केला. फीडरवरच्या, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीवरच्या शेतकऱ्याला विजेचा कोटा ठरवून द्यायचा, कोट्यातली वीज वाचली तर युनिटला ४ रुपये त्याच्या खात्यात. वीज फुकटची फुकटच राहते. पण आता मोटर बंद करण्यात पैसा आहे.

गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी २०१६ च्या सुमारास काही शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. सौरपंपाची अडचण नीट समजून घ्यायला हवी. एकदा पॅनल बसले की ऊन फुकट, म्हणजे पुन्हा शून्य रुपयाचं बटण, आणि तेही भर दिवसा. ढुंडीत त्यांनी पंप ग्रिडला जोडले. शेताला पाणी नको असेल तेव्हा तयार होणारी वीज कंपनी विकत घेणार. एका वाफ्याला जास्तीचं पाणी सोडायचं की ती वीज विकायची, असा प्रश्न शेतकऱ्यापुढे आला. उन्हाचं पीक काढायला पाणी लागत नाही आणि त्याला कीडही लागत नाही.

आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना थोड्या वेगळ्या वाटेने जाते. पंपावर पॅनल न बसवता गावाजवळ छोटा सौरप्रकल्प उभारायचा आणि शेतीचा अख्खा फीडर त्यावर चालवायचा. २०१७ मध्ये तिची सुरुवात राळेगणसिद्धी आणि यवतमाळच्या कोळंबीपासून झाली, २०२३ मध्ये तिचं दुसरं, बरंच मोठं रूप आलं. प्रकल्पाला जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ. माळरानाला एवढं कुणी देत नव्हतं. वीज साधारण ३ रुपये युनिटने पडते, म्हणून वीज कंपनीचा तोटा कमी होतो. आणि शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, म्हणजे रात्री साप-बिबट्याच्या भीतीत पिकाला पाणी द्यायला जावं लागत नाही. विजेच्या बाजूने ही योजना मला चांगली वाटते. पण वाचलेल्या पाण्याचा मोबदला तिच्यात नाही.

ठिबकचंही असंच. ठिबकने एकरी पाणी वाचतं यात शंका नाही, सरकार त्याला अनुदान देतं हेही योग्य. पण वाचलेलं पाणी विहिरीत राहत नाही. ते आणखी एक एकर ऊस भिजवतं. यंत्र सुधारलं आणि किंमत तशीच राहिली, तर बचत वापरातच जिरते.

पाणी कुणाचं, बांबू कुणाचा

भूजलाचा प्रश्न नुसत्या दराचाही नाही, मालकीचा आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे जमीन ज्याची, त्याखालचं पाणी त्याचं, असं धरलं गेलं. पण पाणी बांध ओळखत नाही. राज्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर आहे, त्यात पाणी भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात बसतं, आणि ते सगळ्यांचं एकत्र असतं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. बोअरच्या गाड्या ज्या गावांत रात्री-अपरात्री येतात तिथे हा कायदा किती जणांना माहीत आहे, हे विचारून बघावं.

जिथे गावानेच मालकी सामाईक मानली तिथे वेगळं घडलं. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतरच्या काळात गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस आणि केळी नको असं ठरवलं आणि दरवर्षी पावसाचं मोजमाप घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस कमी पडला तर रब्बीचं क्षेत्र कमी. हे सगळं माहीत असलेली पुष्कळ गावं हिवरे बाजार बघून आली आणि घरी जाऊन पुन्हा बोअर घेत राहिली, कारण गावातल्या प्रत्येकाने नियम पाळला तरच पाळणाऱ्याला तो परवडतो.

जंगलाचं उदाहरण अजून स्पष्ट आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तोवर या भागातला बांबू वनखातं कागद कारखान्यांना देत असे आणि गावाला मिळे ती तोडणीची मजुरी. हक्क कागदावर आला तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखात्याकडेच राहिला. तो ग्रामसभेला २०११ मध्ये मिळाला. मग बांबूची विक्री ग्रामसभेने केली आणि पैसे तिच्या खात्यात आले. त्यानंतर कोवळे कोंब तोडू द्यायचे नाहीत, वणवा लागू द्यायचा नाही, हे सांगायला बाहेरच्या माणसाची गरज राहिली नाही. पुढच्या वर्षीचं उत्पन्न त्याच कोंबांत होतं. योगायोग असा की २००९ मध्येच एलिनॉर ऑस्ट्रम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामाईक साधनं लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे त्यांनी जगभरच्या अभ्यासातून दाखवलं होतं. मेंढ्यात गावचे नेते देवाजी तोफा आणि गावकरी त्याआधीपासून तेच करत होते.

बल्ब आणि सिलिंडर

आता शहरी घरात येऊ. एलईडी बल्ब वीज वाचवतो हे २०१४ मध्येही सगळ्यांना माहीत होतं. बल्ब दुकानात तीन-चारशे रुपयांना होता आणि साधा पिवळा बल्ब दहा-पंधरा रुपयांना. वर्षाच्या बिलात एलईडीचे पैसे सहज फिटले असते. पण ज्याच्या हातात महिनाअखेरीला पन्नास रुपये उरतात, त्याला वर्षाचा हिशोब सांगून उपयोग नसतो. गरीब माणसाला भविष्य दिसत नाही असं नाही, भविष्य विकत घ्यायला लागणारं भांडवल त्याच्याकडे नसतं. आणि उसनं घ्यायचं तर व्याज बचतीला गिळतं.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेने नेमकी हीच गाठ सोडवली. ईईएसएल या सरकारी कंपनीने कोट्यवधी बल्बांची एकगठ्ठा निविदा काढली. २०१४ च्या सुरुवातीला बल्बचा खरेदी दर ३१० रुपये होता, सप्टेंबर २०१६ पर्यंत तो ३८ रुपयांवर आला. अनेक ठिकाणी बल्बचे पैसे बिलातून दहा-दहा रुपयांच्या हप्त्याने घेतले गेले. ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. बल्बच्या खरेदीवर सरकारने अनुदान दिलं नव्हतं, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. मोठ्या खात्रीच्या मागणीने किंमत पाडली आणि हप्त्याने पहिल्या दिवसाचा अडसर काढला. आज पिवळा बल्ब देवळाच्या माळेतसुद्धा क्वचित दिसतो.

उज्ज्वला योजनेत नेमकं उलट झालं. मे २०१६ पासून गरीब घरांतल्या बाईच्या नावे अनामत न घेता गॅस जोडणी मिळू लागली, आज अशा जोडण्या १० कोटींच्या वर आहेत. म्हणजे दारातला खर्च सरकारने उचलला. पण एलईडी एकदा घेतला की झालं, सिलिंडर पुन्हा पुन्हा भरून आणावा लागतो. २०१९-२० मध्ये उज्ज्वलाच्या एका घरात वर्षाला सरासरी फक्त ३ सिलिंडर लागत होते, जिथे बाकीच्या घरांत साधारण सहा-सात लागतात. सरकारी पाहणीत ‘गॅस पोचला’ आणि स्वयंपाकघरात चूल पेटलेलीच. २०२२ मध्ये सिलिंडर हजार रुपयांच्या वर गेला. तेव्हा उज्ज्वलाच्या घरांना सिलिंडरमागे २०० रुपये अनुदान सुरू झालं, पुढे ते ३०० झालं, सगळ्यांसाठीचा दरही कमी केला गेला, आणि २०२३-२४ मध्ये सरासरी ४ च्या जवळ आली. वाढली, पण चूल गेली नाही.

इथे एक आकडा कुठल्याच हिशोबात धरला जात नाही. सरपण फुकट मिळतं असं आपण म्हणतो, कारण ते आणणारी बाई असते. रोज डोक्यावर मोळी आणायला जाणारे तास आणि चुलीच्या धुराने बिघडणारी छाती यांचा भाव शून्य धरला की चूल स्वस्त दिसते. घरातला पैशाचा निर्णय जिच्या हातात नाही, तिचा खर्च मोजला जात नाही. गॅसचं अनुदान वाढवण्याइतकंच बाईच्या हातात स्वतःची मजुरी येणं महत्त्वाचं आहे, असं मला वाटतं. तिच्या दिवसाला दर लागला की मोळी महाग होते.

रिक्षाचं गणित झटपट सांगतो. २०२३-२४ मध्ये भारतात विकल्या गेलेल्या तीनचाकी गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त विजेवर चालणाऱ्या होत्या. मोटारींत हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास. ई-रिक्षा घेणारा माणूस मोटार घेणाऱ्यापेक्षा जास्त पर्यावरणवादी आहे का? तो दिवसभर गाडी चालवतो, किलोमीटरमागे वाचलेला रुपया संध्याकाळी त्याच्या हातात असतो. मोटारवाल्याची गाडी दिवसातले बावीस तास पार्किंगमध्ये उभी असते, तो काय वाचवणार.

कचऱ्याचंही तेच. पाण्याची रिकामी बाटली रस्त्यावर फार वेळ पडून राहत नाही, कारण भंगारवाल्याकडे तिला भाव आहे. वेफर्सचं चकचकीत पाकीट वर्षानुवर्षं गटारात राहतं, कारण त्याला भाव नाही. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना संघटित केलं आणि पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. घरटी महिन्याला थोडे पैसे, शिवाय भंगाराची विक्री. त्या शुल्कावरून सोसायट्यांत जी घासाघीस चालते ती ऐकण्यासारखी असते.

श्रीमंत झालो की आपोआप सुटेल?

एक मत असं आहे की आधी देश श्रीमंत होऊ द्या, मग पर्यावरण बघू. अर्थशास्त्रात याला आलेखही आहे: उत्पन्न वाढतं तसं प्रदूषण आधी चढतं, मग उतरतं. धूर, सांडपाणी यांबाबत काही देशांत हे झालंही. पण तो उतार आपोआप आला नाही, लोकांनी कायदे मागितले आणि सरकारांनी दंड लावले तेव्हा आला. शिवाय काही गोष्टी परत येत नाहीत. पाषाणातल्या खोल भेगांत शेकडो वर्षांत साठलेलं पाणी एकदा उपसलं की दरडोई उत्पन्न वाढल्याने ते परत भरत नाही.

आणि कार्बनच्या बाबतीत तर गरीब असणं म्हणजे कमी वापरणं. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. आपला प्रश्न वापर कमी करण्याचा कमी आणि वाढणारा वापर कुठल्या दराने, कुठल्या वाटेने जाईल याचा जास्त आहे. सौरविजेत ती वाट बदलली. २०१० च्या डिसेंबरात पहिल्या लिलावात युनिटला साधारण ११ ते १३ रुपयांचे देकार आले होते, २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानातल्या भडल्याला २ रुपये ४४ पैसे, २०२० च्या डिसेंबरात गुजरातेत १ रुपया ९९ पैसे. कोळशापेक्षा ऊन स्वस्त झाल्यावर सौर प्रकल्प उभारा असं कुणाला सांगावं लागलं नाही.

मग ऊस आणि विजेचे दर का बदलत नाहीत? कारण बदलाचा फटका आज, नावानिशी ठरलेल्या लोकांना बसतो आणि फायदा दहा वर्षांनी, न ठरलेल्या लोकांना मिळतो. महाराष्ट्रात २००४ च्या विधानसभा निवडणुकीआधी शेतीची वीज मोफत झाली होती, निवडणूक झाल्यावर वर्षभरात ती सवलत मागे घेतली गेली. हा अनुभव कुठलाच पक्ष विसरलेला नाही आणि शेतकरीही नाही. म्हणून ‘मोफत बंद करा’ हा सल्ला अर्थशास्त्राच्या वर्गात बरोबर असला तरी बाहेर त्याला कुणी विचारत नाही. त्यापेक्षा पंपामागचे ते सरासरी ३३ हजार रुपये शेतकऱ्याच्या नावे आधी जमा करायचे आणि विजेचं बिल त्यातून वळतं करायचं, ही वाट चालण्यासारखी आहे; जो कमी उपसेल त्याच्याकडे जास्त उरेल. त्यासाठी फीडर वेगळे हवेत, मीटर बसलेले हवेत आणि ज्वारी, तूर, करडईला उसासारखा खरोखरचा घेणारा हवा. शेवटची अट सगळ्यात अवघड आहे.

सध्याची मोफत वीज योजना मार्च २०२९ पर्यंत आहे. पुढची लोकसभा निवडणूक त्यानंतर लगेच, एप्रिल-मे मध्ये अपेक्षित आहे आणि विधानसभेची त्याच वर्षाच्या अखेरीला.